आधी जमिनीवरून उठायला शिका

सात वर्षांपूर्वी कोल्हापुरात मंगळवार पेठेत एका बारशाला गेले होते. तेव्हा मी ६१ वर्षांची. सगळ्याजणींबरोबर सतरंजीवर बसले, गाणी म्हटली, घुगऱ्या खाल्ल्या आणि निघायची वेळ झाली तर मला उठताच येईना. शेवटी दोघींनी काखेत हात घालून उभं केलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. गुडघे दुखत नव्हते, साखर नव्हती, रोज सकाळी रंकाळ्यावर अर्धा तास चालत होते. तरी असं का व्हावं?

फिजिओथेरपिस्ट बाईंनी उलगडून सांगितलं. चालण्यानं दम टिकतो, हृदयाला बरं असतं. पण मांड्यांना मुद्दाम कामाला लावलं नाही तर वयाबरोबर तिथले स्नायू झिजतच जातात. जागतिक आरोग्य संघटना ६५ च्या पुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखी हालचाल सांगते. त्याशिवाय निदान दोन दिवस ताकदीचा व्यायाम आणि तीन दिवस तोलाचा सराव. आपण चालतो आणि बाकीचं सोडून देतो.

शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचं कुस्तीचं मैदान बांधलं, त्या गावात बैठक काय असते हे शिकवायला नको. तालमीतली पोरं मारतात तीच बैठक आपण खुर्चीवर मारायची. खुर्ची बिनचाकाची, भिंतीला टेकवलेली. पुढच्या कडेला बसा, टाचा जराशा मागे घ्या, नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढं झुका आणि उठा. हाताचा आधार लागला तर घ्या, पुढं तो सुटतो. बसताना धपकन बसू नका, मनात तीन मोजत खाली या. खरी मेहनत त्या खाली येण्यात आहे. श्वास कोंडायचा नाही. मी पाचांपासून सुरुवात केली, दोन महिन्यांनी दहा-दहाच्या दोन फेऱ्या होऊ लागल्या.

तोलाचा सराव स्वयंपाकघरात होतो. दूध तापत ठेवलं की ओटा धरून टाचा उचला, मग एका पायावर दहा सेकंद उभ्या राहा. हात ओट्याजवळच असू द्या.

आता जमिनीवरून उठणं. एकदम सरळ उठायला जाऊ नका. आधी एका कुशीवर वळा, रांगत्या बाळासारखं हात-गुडघ्यांवर या, एक पाऊल पुढं टेकवा, पलंगाला किंवा खुर्चीला धरा आणि त्या पुढच्या पायावर जोर देऊन उठा. पहिले काही दिवस घरचं कुणीतरी शेजारी हवं. चक्कर येत असेल, हाडं ठिसूळ असतील, गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पण व्यायाम केला आणि पोटात काही गेलं नाही तर स्नायू बनणार कशाचे? आपल्याकडं रविवारी मटण शिजतं, फोडी नातवंडांच्या ताटात जातात आणि म्हातारी माणसं पांढऱ्या रश्श्यावर भात कालवून उठतात. कारण दात. हे मी घरोघरी बघते आणि जीव तुटतो. प्रथिनं फोडीत असतात, रश्श्यात फारशी नाहीत. दात बसवून घ्या, मटण मऊ शिजवा, नाहीतर खिमा करा. साठीनंतर रोज वजनाच्या किलोमागे साधारण एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं पोटात जावीत. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तेवढीच. एका अंड्यात सहा ग्रॅम मिळतात. शाकाहारी घरात अख्खा मसूर, मटकीची उसळ, पिठलं, दही आणि दूध रोज आलटून-पालटून असू द्या. मिठाकडं लक्ष ठेवा. दिवसाचं जास्तीत जास्त पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा, त्यात लोणचं-पापड आणि कांदा-लसणाची चटणीही धरायची.

मिश्री सोडा. ती तंबाखूच आहे, हिरड्या खाते आणि तोंडाचा कॅन्सर देते. ऐकू कमी येत असेल तर यंत्र लावा, लाजू नका. ऐकू येईनासं झालं की माणूस बोलणाऱ्यांतून उठून जातो, आणि विस्मरणाच्या आजाराचा धोकाही वाढतो. माझ्या शेजारच्या काकींनी यंत्र लावल्यावर पुन्हा भजनी मंडळात जायला सुरुवात केली. रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेवर मिनिटभर बसा आणि न्हाणीघराच्या वाटेवर छोटा दिवा ठेवा. पायपुसणी सरकत असतील तर आजच काढा.

ज्या पोरीचं ते बारसं होतं, ती आता दुसरीत आहे. परवा तिच्याबरोबर फरशीवर बसून सागरगोटे खेळले. उठताना तिनं हात पुढं केला. मी म्हटलं, "हात नको बाळ, तू आकडे मोज." तिनं सहा म्हणायच्या आत मी उभी होते.