"हुशार आहेस रे" म्हणणं मी बंद केलं

नव्याने टीम लीडर झालेल्यांसाठी लिहितोय. हिंजवडीतल्या मित्रांच्या ऑफिसात 'ग्रोथ माइंडसेट', म्हणजे हुशारी जन्मजात ठरलेली नसते, शिकून वाढते ही धारणा, चहाच्या मगवरसुद्धा छापलेलं असतं. मला ते कळलं भोसरीच्या एका सीएनसी शॉपमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या वर्कशॉपमध्ये, चिपच्या (धातूच्या किसाच्या) ट्रॉलीत.

आमच्याकडे डिप्लोमा करून आलेला एक पोरगा होता. प्रोग्राम एकदा पाहिला की डोक्यात बसायचा. मी सगळ्यांदेखत म्हणायचो, "हुशार आहेस रे!" एका बुधवारी, गुरुवारच्या सुट्टीआधी साफसफाई करताना ट्रॉलीच्या तळाशी दहा शाफ्ट निघाले. सगळे 0.18 मिलिमीटरने अंडरसाइज, म्हणजे मापापेक्षा बारीक. ऑफसेट (मशीनला द्यायची मापाची दुरुस्ती) 0.02 द्यायचा, तिथे 0.2 दिला गेलेला. "कोणी केलं हे?" मी ओरडलो. सगळ्यांच्या माना खाली.

पुढे 1998 चा एक प्रयोग वाचनात आला. मानसशास्त्रज्ञ क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी पाचवीच्या मुलांवर केलेला. 'हुशार आहेस' असं कौतुक झालेल्या मुलांनी नंतर सोपी कोडी मागितली, आणि अवघड पेपरात पडलेले मार्क बरेच जण वाढवून सांगत होते. मला ट्रॉलीच आठवली. हुशारीचा शिक्का मीच मारला होता. तो पुसला जाऊ नये म्हणून पोरगा शाफ्ट लपवत होता.

त्याला चहाला नेलं आणि विचारलं, "झालं काय नेमकं?" मग कळलं. ऑफसेट बदलल्यावर लगेचचा पीस मोजायला हवा, पण मायक्रोमीटर शॉपच्या दुसऱ्या टोकाला, क्यूसीच्या (माल तपासणाऱ्यांच्या) टेबलावर. तिथे रांग. म्हणून सगळेच थेट दहावा पीस मोजत. सगळेच! मी त्यातूनच वर आलो, तरी मला हे दिसलं नव्हतं.

मशीनपाशी एक मायक्रोमीटर आला. सकाळच्या दहा मिनिटांच्या मीटिंगमध्ये बिघडलेला पीस टेबलावर ठेवायचा, असं ठरलं. पहिल्या दिवशी माझीच जुनी चूक सांगितली. पंधरा दिवस दुसरं कोणी तोंड उघडलं नाही. धीर धरा. आणि नुसतं "मेहनत केलीस" म्हणूनही भागत नाही, ड्वेकबाईंनीच पुढे तसं बजावलंय. काय करून पाहिलं, त्यातलं काय जमलं, ते नाव घेऊन बोला.

एक मात्र आधीच सांगतो. आधी लपवले जाणारे पीस आता नोंदले जातात, म्हणून पहिल्या महिन्यात रजिस्टरमधलं रिजेक्शन वाढतं आणि वरून बोलावणं येतं. मला आलं होतं. जाताना ट्रॉलीतल्या पीसचा हिशेब सोबत न्या.