चोरीला गेलेली बंदूक सापडायला पोलिसांना मदत करायचीय? मग या चुका टाळा

घरात चोरी होऊन दागिने गेले की माणूस त्याच पावली पोलीस स्टेशन गाठतो, पण लायसन्सची दुनळी किंवा पिस्तूल गेलं की आधी घरातच खल सुरू होतो, लायसन्स जाईल का, आपल्यालाच आत बसवतील का, मग कोणीतरी म्हणतं थांब जरा, ओळखीतल्याच कोणी नेली असेल तर आणून ठेवेल. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. तुमचा विचार होईपर्यंत हत्यार दोन हात फिरून जिल्ह्याबाहेर गेलेलं असतं. लायसन्सच्या अटींमधेच आहे की हत्यार किंवा काडतूस हरवलं, चोरीला गेलं तर जवळच्या पोलीस स्टेशनला ताबडतोब कळवायचं. आणि उद्या त्या बंदुकीने कोणाचा जीव गेला तर पोलीस आधी तुमच्याच दारात येणार, कारण नंबर तुमच्या नावावर आहे. चोरी प्रवासात झाली, हद्द कोणाची कळत नाही, म्हणून पण थांबू नका, 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 173) गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती कुठल्याही स्टेशनला देता येते.

फिर्याद देताना "काळी दुनळी होती साहेब" एवढंच सांगून काय उपयोग? कुठल्या कंपनीची, बोर (नळीचं माप), हत्यारावरचा सिरीयल नंबर, लायसन्सवरचा यूआयएन (लायसन्सधारकाचा ओळख क्रमांक) आणि सोबत काडतुसं किती गेली हे सगळं पाहिजे. लायसन्स पण बंदुकीच्या पेटीतच ठेवलं होतं आणि पेटीसकट गेलं, असं होऊ देऊ नका, झेरॉक्स वेगळ्या जागी ठेवा.

आता माळ्यावरच्या बंदुकांचं. कोकणात शेतीच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकांचे परवाने बऱ्याच घरांत आहेत, आजोबा गेले, परवाना कोणी नावावर केला नाही, बंदूक मात्र आहे तिथेच. अशी बंदूक चोरीला गेली तर घरचे तोंडच उघडत नाहीत, कारण ठेवलेलीच बेकायदा होती. आर्म्स ॲक्टचं कलम 21 सांगतं की हत्यार बाळगायचा हक्क संपला की ते विनाकारण उशीर न करता पोलीस स्टेशनला किंवा लायसन्सवाल्या डीलरकडे जमा करायचं. कृपा करून घरात एकदा बघा, आणि उचलून नेण्याआधी स्टेशनला फोन करून कशी आणू ते विचारा, जुनी ठासणीची बंदूक भरलेली पण असू शकते.

शेतात, नाल्यात, विहिरीचा गाळ काढताना हत्यार सापडलं तर लोक नेमकं नको तेच करतात. उचलतात, गोळी आहे का बघतात, चिखल पुसतात, फोटो काढतात आणि गाडीच्या डिकीत घालून स्टेशनला निघतात. रस्त्यात नाकाबंदी लागली तर? विनापरवाना हत्यार जवळ सापडलं तर 2 ते 5 वर्षांची शिक्षा आहे, तुमचा हेतू चांगला होता हे सिद्ध करता करता दमाल. हात लावू नका, पोरांना आणि कुत्र्यांना लांब ठेवा, 112 ला फोन करा किंवा पोलीस पाटलांना सांगा आणि पोलीस येईपर्यंत कोणीतरी तिथे थांबा. पाण्यात दिसलं तर पाण्यातच राहू द्या. ओलं लोखंड हवेवर आलं की गंज भराभर चढतो आणि नळीतल्या बारीक रेषा जातात, गोळी कुठल्या नळीतून सुटली हे मुंबईत कलिन्याच्या फॉरेन्सिक लॅबमधे त्याच रेषांवरून जुळवतात. काडतुसाची रिकामी पुंगळी पण खिशात टाकू नका, तिच्या बुडावर बंदुकीच्या पिनचा ठसा असतो.

नंबर घासलेला आहे म्हणजे आता काय कळणार, हा गैरसमज तर फार पसरलाय. नंबर ठोकताना खालचा धातू पण दबलेला असतो, घासून वरचा थर गेला तरी लॅबमधे केमिकल लावून तो नंबर पुन्हा दिसू शकतो. म्हणून गंजलेलं, बिननंबरी धूड दिसलं तरी कळवाच. (आणि असं हत्यार स्वस्तात मिळतंय म्हणून कोणी घेत असेल तर त्याला सांगा, नंबर त्यानेच घासला असंच कायदा आधी धरून चालतो, आर्म्स ॲक्टचं कलम 8.)

माहिती देतानाची चूक म्हणजे ती गावाच्या ग्रुपवर टाकणं. "अमक्याच्या पोराकडे कट्टा (गावठी पिस्तूल) आहे" असा मेसेज पडला की तासाभरात कट्टा दुसरीकडे जातो, आणि पोरगा निर्दोष असेल तर त्याचं आयुष्य नासतं. कोणी कट्टा घेऊन स्टेटस किंवा रील टाकली असेल तर स्क्रीनशॉट, लिंक, अकाउंटचं नाव आणि वेळ घेऊन थेट पोलिसांना द्या, फॉरवर्ड करू नका, त्याला जाब विचारायला जाऊ नका आणि गिऱ्हाईक बनून पकडून देतो असलं धाडस तर अजिबात नको. स्वतः बघितलेलं काय आणि ऐकीव काय हे वेगवेगळं सांगा. गावातल्याच कोणाला सांगायची भीती वाटते तर एसपी ऑफिस किंवा एलसीबी (जिल्ह्याची स्थानिक गुन्हे शाखा) आहे, आपलं नाव गुप्त ठेवा असं सुरुवातीलाच स्पष्ट सांगा.

भीती कमी झाली की लोक पुढे येतात हे मणिपूरमधे दिसलंय. 2023 च्या हिंसाचारात तिथे पोलिसांची सुमारे 6000 हत्यारं लुटली गेली, त्या जूनमधे इंफाळ पूर्व जिल्ह्यात एका आमदाराने घराबाहेर पेटीच ठेवली, लुटलेलं हत्यार इथे टाका म्हणून. पुढे 20 फेब्रुवारी 2025 ला राज्यपाल अजयकुमार भल्ला यांनी 7 दिवसांची मुदत दिली, वेळेत परत करणाऱ्यांवर कारवाई नाही असं सांगितलं, मुदत 6 मार्चपर्यंत वाढली आणि सुमारे 1000 हत्यारं आली. तेवढी पुरेशी नव्हती, पण बंदुकीच्या धाकाशिवाय आली हे मला फार मोलाचं वाटतं. मात्र अशी सवलत जाहीर झाली तरच असते, आपल्याकडे ती आहेच असं धरून बसू नका.

पंच व्हायला बोलावलं की सगळे पांगतात, हे पण बदलायला पाहिजे. कोर्टकचेरीचा ताप आहे, मान्य, पण पंचनामा कच्चा राहिला की हत्यार सापडूनही आरोपी सुटतो. सही करण्याआधी वाचा, नंबर, जागा, वेळ जुळतंय का बघा, नसेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या.

आणि बंदूक तुमचीच असेल तर एफआयआरची कॉपी मागून घ्या, ती फुकट मिळते, आणि लायसन्स देणाऱ्या कलेक्टर किंवा कमिशनर ऑफिसला वेगळं लेखी कळवा. सापडल्यावर ती मुद्देमाल म्हणून जमा असते, परत हवी तर कोर्टात अर्ज करावा लागतो, तेव्हा हेच कागद लागतात.