मूल ऐकत नसेल तर आधी दहा मिनिटं त्याच्याशी खेळा

"शंभरदा सांगून झालं तरी ऐकत नाही" हे लहान मूल असलेल्या घरात रोजचंच, आमच्याकडेही होतं. पोरं मुद्दाम छळतात असं वाटतं, पण स्वतःला आवरायचं काम करणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण तयार व्हायला वयाची विशी उलटते आणि आपण तीन वर्षांच्या जिवाकडून ते आत्ताच्या आत्ता मागतो. गंमत म्हणजे खेळात त्यांना ते जमतं. 1948 साली छापून आलेला एक रशियन प्रयोग आहे, त्यात मुलांना नुसतं "हलू नको" सांगितलं तेव्हा ती लवकर चुळबुळायला लागली, पण पहारेकरी बनवल्यावर कितीतरी जास्त वेळ उभी राहिली.

सुरुवात रोज दहा मिनिटं खेळायच्या वेळेपासून करा. पाच मिनिटं पण चालतील, फक्त रोज, आणि फोन दुसऱ्या खोलीत. काय खेळायचं ते मूल ठरवणार. इथे आपली सवय आडवी येते, आपण लगेच "हा कुठला रंग? मोज बघू किती झाले" सुरू करतो, म्हणजे परीक्षाच की ती. त्याऐवजी दिसतं ते बोला, "अरे वा, निळा ठोकळा सगळ्यात वर ठेवलास." बास. 1970 च्या दशकात शीला आयबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी आईबाबा आणि मुलांसाठी जी थेरपी तयार केली त्यात घरी रोज पाच मिनिटं हेच करायला सांगतात. आणि प्लीज, मूल वाईट वागलं म्हणून ही वेळ रद्द करू नका, त्या दिवशी तर तिची जास्त गरज असते.

आता अडलेल्या वेळी काय करायचं ते सांगते. माझी लेक ब्रश बघितला की ओठ घट्ट मिटून घ्यायची, मी जबडा धरून दात घासलेत, नंतर दोघी रडलोय. एकदा मी ब्रश तिच्या कोपराला लावला आणि म्हटलं, "दात कुठे गेले गं? हा का?" ती म्हणाली "नाहीऽऽ", मग गुडघा, मग कान, आणि हसता हसता तिनेच तोंड उघडून दाखवलं, "इथेयत!" दिवसभर मुलांना सगळे सांगत असतात, खेळात आई चुकते आणि मूल शहाणं ठरतं, तिथे त्यांचा हट्ट सुटतो.

सोडून जाताना रडणाऱ्या मुलांसाठी लपाछपी खूप खेळा. आई दिसेनाशी होते आणि परत येते हे त्यांना पुन्हा पुन्हा अनुभवायला मिळतं. मुद्दाम शोधायला वेळ लावा, सापडल्यावर घट्ट मिठी. थांबायला शिकवायचं असेल तर स्टॅच्यू, आणि अर्ध्या वेळा स्टॅच्यू म्हणायचा मान मुलाचा.

भांडण झालं असेल तर सगळे शांत झाल्यावर बाहुल्यांकडून तोच प्रसंग करून घ्या. माझ्या लेकीची अस्वल आई एकदा ओरडली, "चल लवकर, मला उशीर होतोय!" आवाज माझाच होता. मी पिल्लाच्या आवाजात म्हटलं, "मला भीती वाटली," तर तिने अस्वलाकडून पिल्लाला जवळ घेतलं. मी तेव्हा काही समजावलं नाही, नंतर फक्त सॉरी म्हटलं.

काही गोष्टी मात्र सांभाळा. मूल हमसून रडत असेल तेव्हा खेळ नको, नुसतं जवळ बसा. मारत असेल तर आधी हात धरून थांबवा. गुदगुल्या करताना हसत हसत जरी "नको" म्हणालं तरी लगेच थांबा, हसू आपोआप येतं, त्याचा अर्थ मजा येतेय असा नाही. आणि त्याच्या रडण्याची नक्कल तर कधीच नको.

खूप दमला असाल तर आडवं पडून खेळा, तुम्ही पेशंट आणि मूल डॉक्टर. डोळे मिटून पडायचं, मधूनच कण्हायचं, आणि इंजेक्शन दिल्यावर जोरात "आई गं" ओरडायला विसरायचं नाही.