एरेशन टाकीवरच्या फेसासाठी फवारणीचे नोझल कसे निवडावे

साखर कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात गाळप हंगाम सुरू होताच एरेशन टाकीवर (जिथे सांडपाण्यात हवा सोडून जिवाणूंकडून ते शुद्ध करून घेतले जाते) पांढरा, हलका फेस चढू लागतो. वारा असेल तर तो काठ ओलांडून चालण्याच्या वाटेवर पसरतो, आणि मग घाईघाईने नोझलची मागणी नोंदवली जाते. मागणी नोंदवण्याआधी फेस कोणता आहे हे पाहून घ्यावे, कारण प्रत्येक फेस फवाऱ्याला दाद देत नाही. हंगामाच्या आरंभी टाकीतील स्लज, म्हणजे जिवाणूंचा गाळ, कोवळा व थोडा असतो, येणाऱ्या सेंद्रिय भाराच्या मानाने तो अपुरा पडतो आणि त्यातून हा पांढरा फेस तयार होतो. त्याचे बुडबुडे मोठे व पातळ असल्यामुळे पाण्याच्या माऱ्याने ते सहज फुटतात. याउलट तपकिरी, चिकट आणि सायीसारखा दाट थर दिसत असेल, तर तो बहुधा नोकार्डियासारख्या तंतुमय जिवाणूंचा असतो. त्यावर नुसते पाणी मारले तर थर तेवढ्यापुरता दुभंगतो आणि पुन्हा जुळतो. तिथे वरचा थर काढून टाकणे आणि जादा स्लज काढून टाकीतील स्लजचे सरासरी वय कमी करणे हाच खरा इलाज असून नोझल फार तर पूरक ठरते.

पांढऱ्या फेसासाठी फवारणीच करावयाची हे ठरल्यावर पहिला विचार थेंबाच्या आकाराचा करावा. फेस फुटतो तो थेंबाच्या आघाताने. बारीक धुक्याचे कण हलके असल्याने ते फेसावर नुसते बसतात किंवा वाऱ्याबरोबर उडून जातात, आणि फवारणीचे पाणी प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यातून घेतलेले असेल तर ते तुषार कामगारांच्या श्वासात जाण्याचा धोकाही असतो. म्हणून धुके पाडणारी नोझल, ती दिसायला कितीही प्रभावी वाटली तरी, या कामासाठी घेऊ नयेत. मध्यम दाबावर जाड थेंब देणारी नोझल हवीत. दाब साधारण दर चौरस सेंटिमीटरला दीड ते तीन किलोच्या दरम्यान ठेवला तर बहुतेक ठिकाणी काम भागते.

प्रकारांपैकी टाकीच्या कडेने सलग पट्टा धुण्यासाठी फ्लॅट फॅन, म्हणजे चपट्या पंख्यासारखा फवारा देणारे नोझल, सोयीचे पडते. डिफ्लेक्टर प्रकारात पाण्याची धार एका वळणदार पृष्ठभागावर आदळून रुंद पंख्यासारखी पसरते. त्याचे छिद्र मोठे असते, दाब कमी लागतो आणि थेंब जाड पडतात, त्यामुळे गढूळ पाण्यासाठी माझी पहिली पसंती त्यालाच आहे. कोपऱ्यातला किंवा आउटलेटजवळचा गोलसर भाग झाकायचा असेल तर फुल कोन, म्हणजे भरीव शंकूसारखा फवारा देणारे नोझल, घ्यावे, मात्र नेहमीच्या फुल कोनमध्ये आत पाणी फिरवणारी पाती असते आणि कचरा नेमका तिथेच अडकतो. आतून मोकळे असलेले स्पायरल नोझल अशा ठिकाणी जास्त टिकते. हॉलो कोनचा (पोकळ शंकूसारखा फवारा देणाऱ्या नोझलचा) विचार सोडून द्यावा, कारण त्याचे थेंब बारीक असतात.

नोझल कुठे बसवायचे हे टाकीत सोडलेली हवा पाण्याला कुठे ढकलते यावरून ठरते. तळाशी हवेचे बुडबुडे सोडणारे डिफ्यूझर एका भिंतीलगत असतील तर वर आलेले पाणी पृष्ठभागावरून समोरच्या भिंतीकडे जाते आणि फेसही तिथेच साचतो. म्हणून हेडर, म्हणजे नोझल बसवलेला मुख्य पाइप, समोरच्या भिंतीच्या वरच्या काठाने न्यावा. सरफेस एरेटर (पृष्ठभागावर पाणी घुसळून हवा मिसळणारे यंत्र) असलेल्या टाकीत फेस कोपऱ्यांत आणि भिंतीलगत जमतो, त्यामुळे तिथे संपूर्ण पृष्ठभाग भिजवण्याचा खटाटोप अनावश्यक असतो.

आता हिशेब. नोझलचा कोन आणि फेसापासूनची उंची माहीत असली की पट्ट्याची रुंदी काढता येते: उंचीच्या दुप्पट गुणिले अर्ध्या कोनाचा टॅन्जंट. 80 अंशांचे फ्लॅट फॅन फेसाच्या पृष्ठभागापासून 1 मीटर उंच बसवले तर पट्टा सुमारे 1.68 मीटर रुंद होतो. कडेला पाणी कमी पडते, म्हणून शेजारशेजारचे पट्टे तीस टक्के एकमेकांवर चढतील असे धरले तर दोन नोझलमधील अंतर 1.17 मीटर येते, आणि 20 मीटर लांबीच्या भिंतीला 17 नोझल लागतात. लगतचे फवारे एकमेकांवर आदळू नयेत म्हणून प्रत्येक नोझल हेडरच्या रेषेपासून किंचित, म्हणजे पाच-दहा अंश, वळवून बसवावे. उंची मोजताना पाण्याची नव्हे तर फेसाची पातळी धरावी. फेस अर्धा मीटर चढला की 1.68 मीटरचा पट्टा निम्मा होतो आणि मधल्या जागा कोरड्या राहतात. कॅटलॉगमधला कोनही एका ठराविक दाबावरचा असतो आणि दाब कमी असेल तर तो आक्रसतो.

प्रत्येक नोझल 2 बारला (सुमारे 2 किलो दाबाला) मिनिटाला 6 लिटर देत असेल, तर 17 नोझलना मिनिटाला 102 लिटर, तासाला सुमारे 6.1 घनमीटर आणि दिवसभर अखंड चालवल्यास सुमारे 147 घनमीटर पाणी लागेल. एवढे ताजे पाणी ओतणे परवडणारे नाही आणि क्लॅरिफायरवरही, म्हणजे स्लज खाली बसवून पाणी निवळवणाऱ्या टाकीवरही, तेवढा भार वाढतो. म्हणून एरेशननंतरच्या (सेकंडरी) क्लॅरिफायरचे निवळलेले पाणीच परत वापरावे. टायमर व सोलेनॉइड (विजेवर उघडबंद होणारा) व्हॉल्व्ह लावून दर दहा मिनिटांत दोनच मिनिटे फवारणी केली तर हा आकडा 29 घनमीटरवर येतो, आणि पांढऱ्या फेसाला बहुधा तेवढे पुरते.

पंपाची निवड करताना लक्षात ठेवावे की प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. नोझल तेच ठेवून प्रवाह दुप्पट हवा असेल तर दाब चौपट करावा लागतो. त्यामुळे पाणी कमी पडत असेल तर दाब वाढवण्यापेक्षा मोठ्या छिद्राचे नोझल घेणे शहाणपणाचे. प्रेशर गेज पंपाजवळ नव्हे, हेडरच्या दूरच्या टोकाला लावावा. पाइप अरुंद असेल तर शेवटची नोझल नुसती थेंब गाळत बसतात आणि पंपाजवळचा गेज मात्र सारे ठीक असल्याचे दाखवतो.

निवळलेल्या पाण्यातही स्लजचे कण असतातच, म्हणून कॅटलॉगमधील मोकळ्या वाटेचा व्यास (नोझलमधून न अडकता जाणाऱ्या मोठ्यात मोठ्या कणाचा आकार) पाहावा आणि हेडरच्या आधी असा स्ट्रेनर बसवावा ज्याच्या जाळीची भोके त्या व्यासाच्या निम्म्याहून मोठी नसतील. स्ट्रेनरच्या दोन्ही बाजूंना गेज असले की तो कधी धुवायचा हे न उघडताच कळते, आणि हेडरच्या टोकाला फ्लशिंगसाठी व्हॉल्व्ह ठेवल्यास आत साचलेला गाळ एका झटक्यात बाहेर काढता येतो.

धातूबाबत फार खल करण्याचे कारण नाही. पितळ स्वस्त असले तरी छिद्र लवकर झिजते, शिवाय अमोनियाच्या सान्निध्यात ते तडकू शकते. पाण्यात क्लोराइड जास्त असेल तर एसएस 316 (स्टेनलेस स्टीलचा एक प्रकार) घ्यावे, आणि उन्हात उघडे राहणारे पॉलिप्रॉपिलीन घेताना ते अतिनील किरणांना टिकणारे आहे ना हे विचारून घ्यावे. आट्यांची मात्र खात्री करावी. अर्ध्या व पाऊण इंचाच्या बीएसपी (ब्रिटिश मानकाच्या) आणि एनपीटी (अमेरिकी मानकाच्या) या दोन्ही आट्यांमध्ये इंचाला 14 फेरे असतात, त्यामुळे एकाचे नोझल दुसऱ्याच्या सॉकेटमध्ये काही फेरे निमूटपणे बसते. पण आट्यांचा कोन एकाचा 55 अंश व दुसऱ्याचा 60 अंश असल्याने दाब आल्यावर सांध्यातून गळती सुरू होते आणि कितीही टेप गुंडाळला तरी ती भरवशाने थांबत नाही.

पाण्यात अँटिफोम (फेस मारणारे रसायन) मिसळायचे ठरल्यास, पुढे मेम्ब्रेन (पाणी गाळणारा बारीक पडदा) असलेल्या प्रकल्पात सिलिकॉनचे अँटिफोम टाळावे, कारण ते मेम्ब्रेनवर चिकटून तिला निकामी करू शकते. इतर ठिकाणीही सिलिकॉन इमल्शन पातळ करून टाकीत साठवण्यापेक्षा फवारणीच्या वेळीच पाण्यात सोडावे. पातळ केलेले इमल्शन तसेच ठेवून दिले की फुटते, म्हणजे त्यातले सिलिकॉन व पाणी वेगळे होतात.

बसवणी पूर्ण झाल्यावर प्रत्येक नोझलखाली बादली धरून, घड्याळ लावून, मिनिटाला किती पाणी येते ते मोजावे आणि आकडे दाबासह वहीत लिहून ठेवावेत. पुढच्या हंगामाआधी त्याच दाबावर हीच मोजणी पुन्हा करावी. प्रवाह दहा टक्क्यांहून अधिक वाढलेला आढळला तर छिद्र झिजले आहे असे समजून नोझल बदलावे, आणि कमी झालेला असेल तर ते उतरवून लाकडी काडीने किंवा मऊ ब्रशने स्वच्छ करावे. तारेने खरवडल्यास छिद्राच्या कडा बिघडतात आणि फवाऱ्याचा आकार पुन्हा पूर्वीसारखा येत नाही.