एप्रिल छाटणीला जाताना पिशवीत काय काय हवं

द्राक्षाची खरड छाटणी, म्हणजेच एप्रिल छाटणी, झाली की तासगाव भागात बागेत सावली नावालाही राहत नाही, मांडवावर एक पान नसतं आणि बायका दिवसभर काड्या गोळा करत उन्हात, म्हणून पिशवी आदल्या रात्रीच भरून ठेवा.

आधी शर्ट. घरातला जुना फुल बाह्यांचा शर्ट आपण साडीवरून घालतोच, पण तो एकदा बल्बसमोर धरून बघा, आरपार उजेड आला तर ऊनही येणारच. घट्ट विणीचा, गडद रंगाचा बरा. घामानं भिजलं की सुती कापड ऊन अजून कमी अडवतं, म्हणून एक कोरडा जादा घ्या. स्कार्फ कान आणि मान झाकेल असा बांधा, बाप्यांनी पण, नुसत्या टोपीनं कान उघडेच राहतात, वरून टॉवेल गुंडाळा.

सनस्क्रीन एसपीएफ (ऊन अडवायची ताकद सांगणारा आकडा) ३० च्या खालचं नको. ३० वालं नीट लावलं तर कातडी भाजणारी उन्हातली युव्हीबी किरणं साधारण ९७ टक्के अडवतं, पण आपण लावतो शेंगदाण्याएवढं! दोन बोटांवर लांब दोन रेघा एवढं तोंडाला आणि मानेला लागतं, निघायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी, आणि दर दोन तासांनी परत. ट्यूब गाडीच्या डिकीत तापत ठेवू नका. परवडत नसेल तर पैसे आधी कापडावर घाला, माझं मत स्पष्ट आहे.

वेळेचं मालकाशी आधीच बोलून घ्या, सहाला सुरू करून दहाला सावलीत, परत चारनंतर. मेच्या पहिल्या आठवड्याच्या सुमाराला आपल्याकडं दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, पायाखालीच सावली पडते. साधा हिशोब धरा, सावली आपल्यापेक्षा आखूड दिसली की झाडाखाली जायचं, ढग असले तरी.

आता यादीतलं शेवटचं, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच. आपल्या सावळ्या कातडीत मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य, जास्त म्हणून स्किन कॅन्सर कमी होतो हे खरं, पण होतच नाही असं नाही, आणि त्यातला मेलॅनोमा नावाचा, काळ्या डागासारखा दिसणारा प्रकार आपल्यात बऱ्याचदा तळपाय, तळहात, नखाखाली निघतो, जिथं ऊन फारसं लागत नाही. माझ्या आत्याच्या टाचेला काळा डाग होता, काटा मोडलाय म्हणून वर्षभर हळद-तेल लावलं तिनं, कडा वेड्यावाकड्या, एका बाजूला जास्त काळा, शेवटी रक्त यायला लागलं तेव्हा तुकडा तपासायला पाठवला. परकरची नाडी जिथं करकचून बसते तिथली न भरणारी जखम पण दाखवाच, तिथंही कॅन्सर होतो, डॉक्टर त्याला साडी कॅन्सर म्हणतात, नाडी जरा रुंद घाला.

तर महिन्यातून एकदा अंघोळ झाल्यावर दारातल्या उजेडात बसून एकमेकींचे तळपाय बघा, डागाचा मोबाईलवर फोटो काढा, पुढच्या महिन्यात तो वाढला, रंग बदलला, किंवा कुठलीही जखम महिनाभरात भरली नाही तर तासगाव-मिरजेला कातडीच्या डॉक्टरकडं जा, मजुरी बुडली तरी.