वाचनालयातला 2010 चा संगणक: आधी झाकण उघडा

आमच्या वाचनालयातला संगणक 2010 साली आला. असेम्बल केलेला, कोअर टू ड्युओ प्रोसेसर, जी 41 चिपसेटचा मदरबोर्ड, 2 जीबी रॅम, विंडोज 7. सकाळी बटण दाबून मी वर्तमानपत्रं लावायला घ्यायचे. शेवटचा पेपर स्टँडला अडकवून होई तेव्हा कुठे तो भानावर यायचा. नवीन घ्यायचा ठराव आम्ही दरवर्षी करतो. मग परिरक्षण अनुदानातून पगार आणि पेपरवाल्याचं बिल भागतं, आणि ठराव इतिवृत्ताच्या वहीतच राहतो. म्हणून जुनाच सुधारला. शेजारच्या दोन गावांतल्या ग्रंथपाल मैत्रिणींनी विचारलं, तेव्हा हे सविस्तर लिहायला घेतलं.

रॅममध्ये मी आधी फसले, ते सांगते. "डीडीआर 3 (ही रॅमची पिढी), 4 जीबी" एवढं वाचून मी ऑनलाइन स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, मागवली. बसली अगदी चपखल. बटण दाबल्यावर पंखा फिरला, बीप-बीप झालं, पडदा काळाच. स्टिक खराब नव्हती. जी 41 ला रॅमच्या एका काळ्या चिपमध्ये 2 गिगाबिटपर्यंतच वाचता येतं. आठ गिगाबिट म्हणजे एक जीबी. 4 जीबीच्या स्टिकवर आठच चिप असतील तर त्या प्रत्येकी 4 गिगाबिटच्या, म्हणजे आमच्या बोर्डाला त्या दिसतच नाहीत. दोन्ही बाजूंना आठ-आठ मिळून सोळा चिप असतील तर ती चालते. हे वेष्टनावर कुणी लिहीत नाही, चिप मोजायच्या. स्वस्तातल्या काही स्टिकांवर "फक्त एएमडीसाठी" असं असतं. इंटेलच्या बोर्डवाल्यांनी (आमचाही त्यातलाच) त्यांच्या वाटेला जाऊ नये.

दुसऱ्या खेपेला मी शहाणी झाले. कॅबिनेटच स्कूटीवर पायाशी ठेवून तालुक्याच्या दुरुस्तीच्या दुकानात नेलं आणि जुन्या मालातली 2 जीबीची आठ चिपवाली स्टिक समोर बसवून, चालवून घेतली. दोन मिळून 4 जीबी झाले.

तुम्ही काय कराल? विंडोज चालू असेपर्यंत सीपीयू-झेड हा फुकटचा प्रोग्राम उघडा. बोर्डाचं नाव, रॅम डीडीआर 2 की 3, कोणत्या स्लॉटमध्ये किती, सगळं दिसतं. ते कागदावर उतरवा. मग वायर काढून, बटण एकदा रिकामंच दाबून झाकण उघडा आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. डीडीआर 2 आणि 3 दोन्हींना 240 पिनाच असतात, पण खाच वेगळ्या जागी असते. बसत नसेल तर जोर लावू नका. जुनी स्टिक काढलीच आहे तर तिचे सोनेरी दात खोडरबरने हलके घासून घ्या. निम्म्या "बंद पडलेल्या" संगणकांचं औषध तेवढंच असतं, असं मला आता वाटू लागलंय.

लॅपटॉप असेल तर स्टिक आखूड असते, आणि तिथे डीडीआर 3 एल हे 1.35 व्होल्टचं प्रकरण निघतं. चौथ्या पिढीच्या आणि त्यापुढच्या इंटेल लॅपटॉपला डीडीआर 3 हवी असेल तर ती एलच घ्या.

खरं सांगू? 4 जीबीने संगणक अडखळायचा थांबला, पण तो पळायला लागला एसएसडीमुळे, म्हणजे फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कमुळे. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील आणि 4 जीबी आधीच असेल, तर एसएसडी घ्या. जुन्या बोर्डावर तिचा पूर्ण वेग मिळत नाही, तरी हार्डडिस्कची ती करकर शोधाशोध संपते, आणि तोच सगळा फरक आहे.

आता ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोज 7 चा सपोर्ट (म्हणजे सुरक्षेचे अपडेट) 14 जानेवारी 2020 ला संपला, विंडोज 10 चा 14 ऑक्टोबर 2025 ला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. "जुगाड करून टाकून देतो" म्हणणारे भेटतील. पण विंडोज 11 च्या 24 एच 2 आवृत्तीपासून प्रोसेसरला जी एक आज्ञा कळावी लागते, ती कोअर टू ड्युओला कळतच नाही, तिथे जुगाडही हरतो. आणखी एक: 32 बिटचं विंडोज 4 जीबी रॅम पूर्ण वापरतच नाही. आमच्याकडे सव्वातीनच्या आसपास दिसायची.

मी लिनक्स मिंट 22 या फुकटच्या ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घेतली. सपोर्ट 2029 पर्यंत आहे, 4 जीबीत नीट चालते. ब्राउझरचे वीस टॅब उघडले तर मात्र रडेल. 2 जीबीवर थांबायचं असेल तर तिच्या नादी लागू नका.

पण आमची जुनी ग्रंथसूची, साडेसहा हजार पुस्तकांची, श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेली. श्रीलिपी विंडोजवर चालते, आणि तो फाँट नसेल तर सगळी अक्षरं अगम्य चिन्हं होतात. तुमच्याकडे श्रीलिपी, टॅली किंवा सहीचं यूएसबी टोकन असेल तर विंडोज पुसण्याआधी दहादा विचार करा. मी पुसलंच नाही. जुनी हार्डडिस्क तशीच ठेवली, मिंट टाकताना तिची केबल काढून ठेवली (म्हणजे चुकून फॉरमॅट व्हायला नको), नव्या एसएसडीवर मिंट टाकलं आणि मग केबल परत जोडली. सुरू होताना बूट मेन्यूतून हवी ती डिस्क निवडायची. विंडोजमधलं नेटवर्क कायमचं बंद करून ठेवलंय. सूचीचं काम तिथे, इंटरनेट मिंटवर.

टाकण्याआधी पेनड्राइव्हवरून मिंट नुसतं चालवून बघता येतं. विंडोजवरच्या रुफस या फुकटच्या प्रोग्रामने तसा पेनड्राइव्ह बनवा आणि तासभर खरं काम करून पाहा. वाय-फाय लागतं का, आणि मुख्य म्हणजे प्रिंटर. गावोगावी दिसणारा कॅनन एलबीपी 2900 लिनक्सवर सरळ जोडून चालत नाही, त्याला कॅननचा कॅप्ट नावाचा वेगळा ड्रायव्हर लागतो. एचपीच्या बहुतेक प्रिंटरांना एचपीलिप हा एचपीचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर पुरतो. मराठीसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीचा लेआउट जोडा. इनस्क्रिप्ट टायपिंग येत असेल तर बोटांना काही नवं शिकावं लागत नाही.

सगळं झाल्यावरही एकही वेबसाइट उघडेना, "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणायचं. अर्धा दिवस गेला. घड्याळ पाहिलं तर कोपऱ्यात मागचंच साल! तारीख चुकली की वेबसाइटची सुरक्षा तपासणी फसते. बोर्डावरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर 2032 सेल संपलेला. किराणा दुकानात मिळाला, गजऱ्याच्या भावात.