दिवाळीचा माल निघण्याआधी: कुकर बनवणाऱ्यांसाठी तयारीची यादी

पितृपक्ष संपला की धनत्रयोदशीचा माल तांबाकाट्याकडे, म्हणजे मुंबईच्या भांडीबाजाराकडे, निघायला लागतो. त्यामुळे वसईच्या वालीव-सातिवलीकडे गाळा टाकून प्रेशर कुकर बनवणाऱ्यांनी, उद्या कुकरचा अपघात होऊन ग्राहकाने तक्रार केली तर हाताशी असावी अशी ही तयारी पितृपक्षातच उरकून घ्यावी. तेव्हा गिऱ्हाईक थंड असतं आणि फोरमनच्या हातात थोडा वेळ असतो. ज्यांचा स्वतःचा कारखाना नाही, जे दुसऱ्याकडून कुकर बनवून घेतात आणि त्यावर फक्त आपला ब्रँड ठोकतात, त्यांनीही पुढचं वाचावं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या व्याख्येत दुसऱ्याच्या मालावर आपलं नाव टाकणाराही उत्पादकच धरला आहे.

आधी खोकं हातात घ्या आणि त्यावरचा मजकूर मोठ्याने वाचा. याच कायद्याच्या कलम ८४ प्रमाणे बनावटीतला दोष, डिझाइनमधला दोष, ठरलेल्या स्पेसिफिकेशनला सोडून झालेलं काम, दिलेली हमी न पाळणं आणि वापराच्या पुरेशा सूचना किंवा इशारा नसणं, यांपैकी एक गोष्ट जरी सिद्ध झाली तरी उत्पादक जबाबदार. हमीच्या बाबतीत तर ‘माझा निष्काळजीपणा नव्हता’ हे दाखवूनही सुटका नाही. म्हणून आर्टवर्कवाल्याने हौसेने टाकलेलं ‘शंभर टक्के सुरक्षित’ आजच काढून टाका. माल त्याने एक नगही जास्त खपत नाही, आणि ग्राहक आयोगासमोर तेच वाक्य तुमच्याविरुद्ध वाचून दाखवतात. आयएसआय मार्क आणि लायसन नंबर जागेवर आहे ना, तेही बघा. कुकरला आयएस २३४७ हे भारतीय मानक सक्तीचं आहे. मार्क नसलेले कुकर आपल्या साइटवर विकू दिले म्हणून २०२२ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दोन मोठ्या ऑनलाइन कंपन्यांना प्रत्येकी १ लाख रुपये दंड केला, शिवाय माल परत बोलावून ग्राहकांचे पैसे परत द्यायचा आदेश दिला.

मग आवक रजिस्टर, म्हणजे बाहेरून आलेल्या मालाची नोंदवही. मुंबईत याचा सगळ्यात कडू धडा जे. जे. रुग्णालयाचा. १९८६ च्या सुरुवातीला तिथे ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण दगावले. औषधाच्या नावाखाली आलेल्या त्या मालात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन होतं. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. कुकरच्या धंद्यात असा ‘बाहेरून आलेला माल’ म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह आणि गास्केट (झाकणाचं रबरी कडं). कुकर जास्त तापला की वितळून वाफ मोकळी करणारा व्हॉल्व्हमधला मिश्रधातू वेळेवर वितळला नाही तर बाकीचा सगळा कुकर कितीही चोख असो, उपयोग नाही. पुरवठादाराचं टेस्ट सर्टिफिकेट फाइलला लावून भागत नाही. प्रत्येक लॉटमधले, म्हणजे एका खेपेच्या मालातले, काही व्हॉल्व्ह स्वतः तापवा, कुठल्या तापमानाला वितळले ते लिहा आणि खाली सही करा. पुरवठादाराकडून नुकसानभरपाईचा करार स्टॅम्प पेपरवर करून घ्या. तो कुरकुर करेल. करू द्या.

माझ्या मते अख्ख्या यादीतलं खरं काम लॉट नंबरचं आहे. अपघाताचा फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न असतो, ‘कुठल्या लॉटचा?’ याचं उत्तर तासाभरात निघालं तर दोन-तीनशे नग परत मागवून भागतं. नाही निघालं तर वर्षभराचा माल संशयात जातो. नंबर खोक्यावर नको, कुकरच्या अंगावर उठवा, कारण खोकं घरी पोचल्याबरोबर रद्दीत जातं. त्या नंबरावरून पत्रा कुठल्या खेपेचा, व्हॉल्व्ह कुठल्या लॉटचा, प्रेशर टेस्ट कोणी घेतली आणि कुठल्या डिलिव्हरी चलनाने माल कोणाकडे गेला, एवढं सापडलं पाहिजे. आणि हे कागद वॉरंटी संपली म्हणून फेकू नका. तक्रारीची दोन वर्षांची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून मोजतात आणि कुकर घराघरांत दहा-दहा वर्षं चालतात.

माहितीपत्रक मराठीत हवं, आणि भाषांतराच्या दुकानातलं मराठी नको. ‘गास्केट कडक झालं, चीर दिसली की बदला. सेफ्टी व्हॉल्व्ह आमच्याच कंपनीचा बसवा. वाफ जायची नळी रोज फुंकून बघा.’ एवढं ठसठशीत छापा. ग्राहकाने कुकरमध्ये फेरफार केला किंवा गैरवापर केला तर कलम ८७ विक्रेत्याला, आणि माल स्वतः विकणाऱ्या उत्पादकालाही, बचाव देतं, पण रस्त्यावरचा दहा रुपयांचा व्हॉल्व्ह बसवू नका हे तुम्ही कधी सांगितलंच नसेल तर तो बचाव लंगडा पडतो.

अपघाताचा कुकर परत आला की फोरमनचा हात आपोआप पाण्याच्या नळाकडे जातो. धुऊन, झाकण लावून, शिट्टी होते का बघायची सवय असते. ती सवय आत्ताच मोडा. नळीत अडकलेली डाळ हाच कदाचित तुमचा एकमेव पुरावा असतो, आणि तीच धुतली गेली तर पुरावा नष्ट केल्याचा आरोप वर येतो. कुकर आला तसाच चारही बाजूंनी फोटो काढा, ग्राहकासमोर पिशवीत सील करा, दोघांच्या सह्या घ्या आणि कपाटात कुलपात ठेवा. उघडायचा तो दोन्ही बाजूंसमोर किंवा आयोग सांगेल त्या प्रयोगशाळेत. अशा लेबल लावलेल्या रिकाम्या पिशव्या सर्व्हिस सेंटरला आधीच पाठवून ठेवा.

ग्राहक राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात त्याला तक्रार करता येते, तेव्हा नोटीस लातूरहूनही येईल. उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५. नोटिशीचं पाकीट गेटवरच्या वॉचमनच्या टेबलावर पडून राहता कामा नये.

विम्याचं थोडक्यात. फॅक्टरीचा आगीचा विमा इथे कामाचा नाही, मालामुळे कोणाला इजा झाली तर त्या भरपाईसाठीची प्रॉडक्ट लायबिलिटी पॉलिसी वेगळी घ्यावी लागते. ती बहुधा मुदतीत आलेल्या दाव्यांपुरतीच असते, त्यामुळे नूतनीकरणात खंड पडू देऊ नका. माल परत मागवण्याचा खर्च सहसा त्यात नसतो. आणि विमा कंपनीला कळवण्याआधी भरपाईचं लेखी कबूल करू नका.

याचा अर्थ तोंड शिवून बसा असा नाही. भाजलेल्या माणसाला भेटायला मालकाने स्वतः जावं, वकिलाची ‘आमचा काही संबंध नाही’ छापाची चिठ्ठी पुढे करू नये. २००३ च्या ऑक्टोबरात मुंबईत कॅडबरीच्या चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्या तेव्हा कंपनीने आधी दुकानदारांच्या साठवणुकीकडे बोट दाखवलं, आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) पॅकिंगवर बोट ठेवल्यावर वाद चिघळला. २००४ च्या सुरुवातीला पॅकिंग बदललं तेव्हा गाडी रुळावर यायला लागली. तुमच्या बाबतीत बातमी पेपरात यायच्या आधी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरलेली असेल आणि पहिला फोन तुमच्याच डीलरचा येईल. बोलणारा माणूस एकच ठेवा. काय कळलंय, कुठला लॉट थांबवलाय, पुढची माहिती कधी देणार, एवढंच त्याने सांगावं. ग्राहकाने काय चुकवलं यावर अवाक्षर काढू नये.

शेवटी एक रंगीत तालीम. एखाद्या शनिवारी दुपारी दादरच्या दुकानातून स्वतःचाच कुकर विकत आणा, स्टोअरकीपरला फक्त नंबर वाचून दाखवा आणि घड्याळ लावा. तासाभरात चलन टेबलावर आलं नाही तर ट्रक सोमवारी सोडू नका.